दाणे ठेवायचे की दोर सोडायचा?

खोडदच्या जीएमआरटीत दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही रेडिओ दुर्बीण. त्या दिवशी तिच्या आवारात जुन्नर-आंबेगावच्या शाळा आपापले प्रकल्प मांडतात आणि शेतातली कामं टाकून माणसं ते बघायला येतात. अशा प्रदर्शनासाठी एखाद्या शाळेनं ‘हरणांसाठी आणि इतर वन्य प्राण्यांसाठी घरगुती, स्वस्त फीडर’ करायचं ठरवलं, तर त्या शाळेला काय सांगावं? या प्रश्नाच्या दोन बाजू मी इथे एका भाचीच्या आणि तिच्या मामांच्या तोंडी घातल्या आहेत. भाची शाळेत विज्ञान शिकवते. मामा वनरक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहेत. पात्रं कल्पित आहेत, पण त्यांची मतं या भागात पारावर बसलं तरी ऐकू येतात.

भाची : मामा, हे बघा. चार इंची पीव्हीसी पाइपचा तीन फुटी तुकडा. वरच्या तोंडाला कॅप, खालच्या तोंडाला एल्बो. वरून मका भरायचा. तो एल्बोच्या तोंडाशी येऊन थांबतो आणि जनावर जेवढा खाईल तेवढाच पुढचा खाली उतरतो. झाडाला तारेनं बांधला की काम झालं. पाइपलाइन केलेल्या प्रत्येकाच्या घरामागे असे तुकडे पडून असतात. पोरांना फक्त कॅप आणि एल्बो विकत आणावे लागले.

मामा : काम सफाईदार आहे. एल्बोच्या तळाला ही बारीक भोकं कशाला?

भाची : पावसाचं पाणी साचू नये म्हणून. ओल्या मक्याला बुरशी लागते.

मामा : हे बरं केलंस. बुरशी लागलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही विचार. आता मला सांग, हे नळकांडं बांधणार कुठे आणि खाणार कोण?

भाची : गावाबाहेर, गायरानाच्या कडेला. हरणं खातील, ससे खातील, मोर येतील. एप्रिल-मे मध्ये माळावर गवताची काडी राहत नाही, तेव्हा तरी त्यांच्या पोटात काही जाईल.

मामा : खोडदच्या शिवारात तू हरीण कधी पाहिलंस?

भाची : मी नाही पाहिलं. पण भीमाशंकरला आहेत ना.

मामा : आहेत. तिथे भेकर आहे, सांबर आहे, आणि ती दोन्ही झाडोऱ्यात राहणारी, माणसाची चाहूल लागली की निघून जाणारी. चिंकारा बघायचा तर बारामती तालुक्यात सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात जावं लागतं आणि काळवीट बघायचं तर कर्जतजवळच्या रेहेकुरीला. खोडदला आहे ऊस, द्राक्षं, टोमॅटो. इथे तू मका बांधलास तर पहिल्या रात्री उंदीर-घुशी येतील. दुसऱ्या रात्री रानडुकरं. त्यांनी सांडलेल्यावर गावातली कुत्री. आणि कुत्र्यांच्या मागे कोण येतं, हे मी तुला सांगायला नको.

भाची : बिबट्या.

मामा : बिबट्या! कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला. ऊस बारा-बारा, अठरा-अठरा महिने रानात उभा असतो. दाट, गार, आणि मध्ये माणूस जात नाही. बिबट्याची मादी तिथेच विते, पिल्लांना तिथेच वाढवते. त्यांच्यासाठी ऊस हेच रान आहे. तुझा फीडर म्हणजे त्या रानाच्या तोंडाशी मांडलेलं ताट होईल.

भाची : हे अंदाजानं बोलताय का? कुत्र्यांपेक्षा शेळ्या-वासरांवर बिबट्या जगतो असं सगळे म्हणतात.

मामा : अंदाज नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून तपासली. त्याच्या खाण्यातला ८७ टक्के भाग वजनानं पाळीव जनावरांचा निघाला. त्यातही सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. शेळ्या त्यामानानं बऱ्याच कमी. त्याच भागात दर शंभर चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास मोठे बिबटे होते, आणि तेही शेतात, जंगलात नव्हे. कुत्रं जिथे चरतं तिथे बिबट्या फिरतो, एवढा हिशेब धरून चाल.

भाचीनं इथे गप्प बसावं असं मला वाटत नाही. मामांचं म्हणणं खरं असलं, तरी ‘काही करू नका’ हे ऐकून पोरं शिकतात ते इतकंच, की दया ही मूर्खपणाची गोष्ट आहे. हे शिक्षण मला मान्य नाही, तिलाही नसावं.

भाची : मामा, आपल्या घरात आजी जेवायच्या आधी काकबळी काढायची. गाईला घास द्यायची. मुंग्यांच्या वारुळापाशी साखर टाकायची. ती काय चुकत होती?

मामा : नव्हती चुकत. पण कावळ्याला एक घास होता, पोतं नव्हतं. त्या एका घासावर कावळा जगत नव्हता. तो स्वतःचं पोट स्वतः भरत होता. तू भरून ठेवतेस त्यावर जनावर जगायला लागतं. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून बघ. भाविकांनी प्रेमानं दिलं आणि माकडं हातातल्या पिशव्या ओढायला शिकली. आता ती झाडावरचं खात नाहीत, माणसाच्या हातातलं खातात. मग कुणाला चावलं की माकडालाच दोष.

भाची : ते माकड झालं. हरणाचं वेगळं. चारा कमी पडला की हरीण मरतं. ते मरू द्यायचं?

मामा : तुझ्या शेजाऱ्याच्या शेळीनं कधी गव्हाच्या पोत्यात तोंड घातलं होतं का?

भाची : हो, पोट फुगलं होतं. डॉक्टर येईपर्यंत गेली.

मामा : का गेली, विज्ञानाच्या बाई?

भाची : रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू गवत-पाल्यावर पोसलेले असतात. अचानक पिष्टमय धान्य पडलं की दुसरे जिवाणू माजतात, आम्ल तयार होतं, ते रक्तात जातं...

मामा : सांबराचं पोट शेळीच्या पोटापेक्षा वेगळं आहे?

भाची : नाही. तेही रवंथ करणारंच.

मामा : अमेरिकेत थंडीत भुकेल्या हरणांना मका घालतात आणि काही हरणं भरल्या पोटानं मरतात. मका पोटात असतो, पण तो पचवणारे जिवाणू नसतात. तुझी पाइप हरणापर्यंत पोहोचली असती, तर तिनं हेच केलं असतं.

भाची : मग मका नको. ज्वारीचा कडबा, घास, सुबाभळीचा पाला ठेवू. गव्हाणीसारखं काही करू. जाळीचा जुना पिंजरा आडवा बांधला तरी चालेल.

मामा : पोटाचं बरं होईल, पण एका जागी गर्दी होण्याचं काय? एरवी जनावरं डोंगरभर विखुरलेली असतात. तू एका गव्हाणीत त्यांची तोंडं एकत्र आणलीस की लाळ एकमेकांना लागणार. लाळ्या-खुरकूत आपल्या गाई-म्हशींना होतो तसा रानातल्या खुरांच्या जनावरांनाही होतो. अमेरिकेत कोलोराडोत १९६७ साली हरणांमध्ये एक रोग आढळला, मेंदू पोखरून मारणारा. तो लाळेतून पसरतो. तिकडच्या अनेक राज्यांनी रोगाच्या भागात हरणांना खाऊ घालण्यावर बंदी घातली आहे. आणि अजून एक गोष्ट, जी मी नोकरीत पाहिली. जनावर रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी यायला लागलं, की फासे लावणाऱ्याचं काम सोपं होतं. त्याला रान तुडवावं लागत नाही.

भाची : आमचा हेतू तसा नाही, मामा.

मामा : तुझा नाही, माहीत आहे. पण हे फीडर ज्या देशात घरोघरी बनतात, तिथे त्यातले कितीतरी शिकाऱ्यांचे असतात. मचाण बांधायचं, समोर मका ओतायचा आणि हरीण यायची वाट बघायची. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या वाच. नुसतं मारणं म्हणजे शिकार नाही. फासा लावणं, आमिष दाखवणं, तसा प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. तुझ्या पोरांवर कुणी गुन्हा दाखल करणार नाही, पण हा कायदा करणाऱ्यांना हा धोका दिसला होता, एवढं समज.

भाची : मग सरकार स्वतः काय करतं? अभयारण्यात मिठाचे खडे ठेवतं, उन्हाळ्यात पाणवठ्यात टँकर रिकामे करतं. आणि २०२५च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनाच्या वेळी वनमंत्री गणेश नाईक म्हणाले होते, माणसं गेल्यावर भरपाई देण्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्या जंगलात सोडू, म्हणजे बिबटे गावात येणार नाहीत. तो फीडर नाही? फक्त मोठा!

मामा : फीडरच तो. ते बोलले तेव्हा या भागातली माणसं किती पोळलेली होती, ते विसरू नकोस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेडला लागोपाठ माणसं गेली होती, लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला होता. काहीतरी करा, असा आक्रोश होता. पण शेळीला जंगल कुठे माहीत? पाळलेली शेळी संध्याकाळी गोठ्याची वाट धरते. आणि समज, सगळ्या शेळ्या जंगलात राहिल्या. बिबट्याच्या पिल्लानं लहानपणापासून शेळीच खाल्ली, तर ते मोठं झाल्यावर काय शोधत फिरणार? भेकर की शेळी?

भाची : म्हणजे तुमचं उत्तर प्रत्येक वेळी ‘नाही’च.

मामा : चिमण्यांना मी नाही म्हणत नाही.

इथे मला मध्ये बोलायचं आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीनं चिमण्यांसाठी स्वस्त लाकडी घरटी आणि दाण्याची भांडी लोकांपर्यंत नेली. २० मार्च २०१० रोजी पहिला जागतिक चिमणी दिवस साजरा झाला, त्यामागे हीच संस्था होती. चिमणी मुळातच माणसाच्या घराची सोबतीण आहे. वळचण गेली, कौलं गेली, अंगणात धान्य पाखडणं बंद झालं, आणि चिमणीचं घर आणि ताट दोन्ही आपणच काढून घेतलं. ते थोडं परत देणं योग्य आहे. पण त्याच धान्याची दुसरी गोष्ट मुंबईत दिसते. दादरच्या कबुतरखान्यावर २०२५च्या ऑगस्टमध्ये ताडपत्री टाकावी लागली, कारण कबुतरांच्या विष्ठेनं माणसांच्या फुप्फुसांचे आजार होतात, हा प्रश्न न्यायालयात गेला. भावना दोन्हीकडे तीच होती. फरक पडला तो कुणाला, किती आणि कुठे याचा.

भाची : बरं. चिमणीसाठी आमच्या पोरांनी पाच लिटरच्या तेलाच्या कॅनचं भांडं आधीच केलंय. पण विज्ञान प्रदर्शनात ते पन्नास शाळा मांडतात. मला या भागातल्या मोठ्या जनावरासाठी काही करायचंय. मुलं तर म्हणतात, बॅटरीवरचा टायमर लावू, पहाटे ठरल्या वेळी दाणे पडतील.

मामा : दुर्बिणीच्या अंगणात ठिणगी उडवणारी मोटर? अवकाशातून येणारी इतकी क्षीण रेडिओ लहर पकडता यावी म्हणून तर गोंगाट कमी असलेली ही जागा शोधली.

भाची : तेही खरं. टायमर रद्द. पण मग काय? सांगा ना!

मामा : आधी एक मान्य कर. फीडर आपण लावायची गरज नाही, ते आधीच लागलेले आहेत. पोल्ट्रीत मेलेल्या कोंबड्या रात्री ओढ्यात फेकतात, तो फीडर. मटणाच्या दुकानामागचा ढीग, तो फीडर. लग्नाच्या मांडवामागे टाकलेलं उष्टं, गोठ्यामागे उघड्यावर टाकलेलं मेलेलं वासरू, हे सगळे फीडरच. तुझ्या पाइपपेक्षा मोठे, आणि वर्षभर भरलेले. कुत्री त्यावर पोसतात आणि बिबट्या कुत्र्यांवर. मेलेली कोंबडी खड्ड्यात चुना टाकून पुरली तर खर्च किती? पोरांना आपल्या गावाचा नकाशा काढायला सांग, कुठे काय टाकलं जातं याचा. त्या नकाशावर बिबट्या दिसल्याच्या जागा मांडायला सांग. तो प्रकल्प बघायला मी स्वतः रांगेत उभा राहीन.

भाची : ते करू. पण पोरांना हातानं काहीतरी बनवायचं असतं, मामा. नकाशानं हात शांत होत नाहीत.

मामा : मग शेततळ्याकडे ये. किती शेततळी झाली गेल्या काही वर्षांत? ‘मागेल त्याला शेततळे’ आली २०१६ला, त्याआधीच्या वेगळ्या योजना, आणि लोकांनी स्वतःच्या पैशानं केलेली निराळी. सगळ्यांना प्लास्टिकचा कागद. उन्हाळ्यात माळावर पाणी तिथेच दिसतं. ससा, कोल्हा, खोकड, मुंगूस, कधी रानमांजर, पाणी प्यायला कडेला येतं आणि घसरतं. कागदावर नख रोवत नाही. कडेकडेनं पोहत राहतं आणि दमून बुडतं. आणि नुसती जनावरंच बुडत नाहीत. पोरं बुडतात, पोराला काढायला उतरलेला बाप बुडतो. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून ही बातमी येते.

भाची : कुंपण असतं की.

मामा : काहींना असतं. कुंपणाखालून ससा जातोच. आत पडलेल्याला बाहेर यायला वाट पाहिजे. ती तुझी पोरं बनवू शकतात.

भाची : दोराची शिडी?

मामा : शिडी माणूस चढेल, सशाला ती नाही चढता येत. चटई पाहिजे, खरबरीत आणि उतरती. जुन्या ठिबकच्या नळ्या काथ्याच्या दोरानं आडव्या-उभ्या विणायच्या, दोन-अडीच फूट रुंद. मध्ये मध्ये स्कूटरचे झिजलेले टायर बांधले तर मोठ्या जनावरालाही पाय टेकतो. पण तार बाहेर आलेला टायर घेऊ नका, कागद फाटला तर शेतकरी पुन्हा दारात उभं करणार नाही.

भाची : वरचं टोक बांधावर खुंटीला.

मामा : बांधापासून मागे, जमिनीत खोल खुंटी ठोकून. खालचं टोक तळापर्यंत गेलं पाहिजे, कारण मे महिन्यात पाणी तळाला जातं आणि तेव्हाच जनावर पडतं. तळाच्या टोकाला वाळू भरलेली पिशवी बांधायची, म्हणजे चटई तरंगत नाही. पिशवी गुळगुळीत, दगड नको. आणि अशा चटया चारही बाजूंना. घाबरलेलं जनावर कडेकडेनं फिरतं, त्याला वाट शोधायला लावू नये.

भाची : विहिरीला काय करणार?

मामा : विहिरीला कठडा. रात्री कुत्र्यामागे धावणारा बिबट्या विहिरीत पडतो, ही जुन्नरमधली नेहमीची गोष्ट आहे. मग वनखात्याची माणसं पिंजरा किंवा खाट सोडतात, हजार माणसं भोवती जमतात, तो पाण्यात अर्धमेला आणि गर्दी बेभान. तीन फुटांचा कठडा असता तर यातलं काही झालं नसतं. कठडा बांधायला पैसे नसतील तर तोवर जुन्या द्राक्षबागेच्या तारा आणि अँगल उभे करून जाळी ओढायची.

भाची : मामा, हे मी करते. पण एक शंका ठेवते. पाणवठे तर तुम्हीच भरत होता. पाणीही आपण ठेवलेलंच, तिथेही जनावरं एका जागी येतात, लाळ तिथेही लागते. मग पाणी चालतं आणि चारा चालत नाही, हे कसं?

मामा : हे मी नोकरीतही स्वतःला विचारलंय. माझं उत्तर एवढंच, की ओढे आणि झरे आपण आटवले, बोअर मारून मारून. ते पाणी त्यांचं होतं. पण पाणवठा गावापासून लांब पाहिजे, उथळ आणि उतरत्या काठाचा पाहिजे, आठवड्यातून दोनदा घासला गेला पाहिजे. घासायला माणूस नसेल तर भरूच नये. आणि पाऊस पडला की बंद. तरी तुझी शंका पूर्ण मिटत नाही, मला कबूल आहे.

भाची : चाऱ्याचंही तसंच म्हणता येईल. गवताळ माळ आपणच नांगरले.

मामा : म्हटलं तर म्हणता येईल. म्हणून मी चारा टाकण्यापेक्षा माळ राखा म्हणतो. गायरानाचा एक तुकडा दोन पावसाळे चराईबंद ठेवा, वणवा लागू देऊ नका. पवन्या, मारवेल, कुसळी आपोआप येतात. त्यात ससा येतो, तितर येतं. त्याला पाइप लागत नाही, पण ग्रामसभेत हात वर करायला लागतात, आणि ते पाइप जोडण्यापेक्षा अवघड आहे.

माझं स्वतःचं मत मामांकडे झुकलेलं आहे, ते लपवत नाही. पण भाचीची शेवटची शंका मला त्यांच्या सगळ्या उत्तरांइतकीच मोलाची वाटते, कारण तिच्यातून गायरानाचा विषय निघाला, आणि तो विषय गावात कुणी काढत नाही. दाणे ठेवणाऱ्याचा हात मी अडवणार नाही. तो हात शेततळ्याच्या बांधावर आणि विहिरीच्या काठावर यावा एवढंच सांगेन.

ज्यांच्या शेतात कागदाचं शेततळं आहे त्यांनी मार्च संपायच्या आत त्यात निदान एक दोराची चटई सोडावी. ज्यांची विहीर उघडी आहे त्यांनी ऊसतोडीतून मोकळं होताच कठड्याचं काम काढावं. विहिरीत किंवा तळ्यात जनावर पडलेलं दिसलं, तर गर्दी न करता वनखात्याच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ला फोन करावा. क्रमांक १९२६.